कुसळ काढायला जवळ बसावं लागतं

 

मागच्या भागानंतर एका ऐकणाऱ्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याचा प्रश्न असा: माझा रूममेट रोज ऑनलाइन रमीत पैसे घालवतोय. पगार झाला की दहा तारखेपर्यंत खलास. मी काही बोललो की तो म्हणतो, ‘तुमच्या बायबलमध्येच लिहिलंय ना, दुसऱ्याचे दोष काढू नका, मग मला जज का करतोस?’ तर भाऊ, आता मी गप्प बसायचं का?

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. एक तर मला उत्तर नीट माहीत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे या विषयावर माझ्या स्वतःच्या घरात एक प्रकरण घडलंय. ते सांगितल्याशिवाय मी यावर बोललो तर ती चक्क थापेबाजी होईल. ज्याच्याबद्दल बोलणार आहे त्याची परवानगी घेतलीये, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात मात्र आजीपासून करतो.

आमचं गाव राहुरीकडचं. मी सहा-सात वर्षांचा असेन. गव्हाची मळणी चालू होती, मशीनमधून भुसा उडत होता आणि आम्ही पोरं नको तिथे उभे. व्हायचं तेच झालं. माझ्या डोळ्यात कुसळ गेलं. ज्यांनी शेत पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, गव्हाच्या ओंबीला वर जे टोकदार केस असतात ना, ते कुसळ. एवढंसं असतं. पण डोळ्यात गेलं की जग संपतं.

मी बोंबलत आजीकडे पळालो. ती त्या वेळी लाल मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मला वाटलं ती लगेच डोळ्याला हात लावेल. तर ती ओरडली, ‘थांब! चोळू नको, माझे हात मिरचीचे आहेत.’ उठली, हात धुतले. मग वास घेऊन बघितला आणि परत धुतले. मी तोपर्यंत थयथयाट करतोय. मग तिने मला उजेडाकडे तोंड करून मांडीवर झोपवलं, पदराचं टोक पिळून बारीक केलं, ओलं केलं, आणि एका हाताने माझी पापणी धरून ते कुसळ अलगद टिपलं. बोटावर घेऊन मला दाखवलं सुद्धा. एवढंसं!

ही आठवण मनात ठेवा, तिच्याकडे परत येणार आहे.

आता प्रकरण. मला एक मोठा भाऊ आहे, पाच वर्षांनी मोठा. दादाने आयटीआय केलं आणि तालुक्याला दुचाकीचं गॅरेज टाकलं. मी बीटेक करून पुण्यात आलो, सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या घरात उपासना चुकवणं म्हणजे मोठी गोष्ट. पप्पा असताना ताप असला तरी रविवारी चर्चला जायचं, असा नियम होता. पप्पा गेल्यावर तो नियम कुणी सांगितला नाही, पण मी मनातल्या मनात त्याचा वॉचमन झालो.

गेल्या वर्षी दादा चर्चमध्ये दिसेनासा झाला. एक रविवार, दोन रविवार, मग महिने. मी गावी जायचो तेव्हा मंडळीतले लोक विचारायचे, ‘भाऊ कुठंय तुमचा?’ त्यात काळजी किती आणि चौकशी किती हे तुम्हाला माहितीच आहे. मग कानावर आलं की तो प्यायला लागलाय. एकदा मी एसटी स्टँडवर उतरलो तर समोरच तो एका बिअर शॉपीच्या बाहेर उभा होता. त्याने मला पाहिलं. मी मान फिरवली.

पुढच्या रविवारी उपासनेहून आलो, जेवलो, आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला. ग्रुपमध्ये तीसेक जण आहेत, काका, आत्या, मावश्या, त्यांच्या सुना, सगळे. मेसेजमध्ये नाव कुणाचंच नव्हतं. दारूबद्दलचं एक वचन नीतिसूत्रांतून घेतलं, आणि खाली स्वतःचं जोडलं की काही लोकांना आठवड्यातला एक तास देवाला देता येत नाही, पण बाकी ठिकाणी उभं राहायला भरपूर वेळ असतो. ‘उभं राहायला.’ तो शब्द मी मुद्दाम निवडला होता. तो वाचणाऱ्या तीस जणांत फक्त एकालाच कळणार होता.

अकरा जणांनी ‘आमेन’ लिहिलं. मी मोजले म्हणून आकडा सांगतोय. हात जोडलेले इमोजी वेगळे. संध्याकाळपर्यंत मी चार-पाच वेळा ग्रुप उघडून बघितला आणि प्रत्येक वेळी बरं वाटलं. रात्री एक राखाडी ओळ आली, दादा ग्रुपमधून बाहेर पडला म्हणून. आणि माझी पहिली प्रतिक्रिया काय होती सांगू? ‘लागलं वाटतं.’

त्या नाताळला दादा घरी जेवायला आला नाही. आईने त्याचा डबा भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो तसाच होता.

आता वचनाकडे येऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय, पहिल्या पाच ओवी. डोंगरावरच्या प्रवचनाचा हा भाग. आपल्यापैकी बहुतेकांना पहिली ओवी पाठ असते, दोष काढू नका ही. पण पुढच्या चार ओव्या पहिलीला समजावून सांगतात, आणि आपण तिथवर पोचतच नाही. माझा रूममेटवाला मित्र आणि त्याचा तो रूममेट, दोघंही पहिल्याच ओवीवर अडकलेत.

येशू म्हणतो, भावाच्या डोळ्यातलं कुसळ तुला दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ ध्यानात येत नाही. मराठीत ही म्हण आता सगळ्यांचीच झालीये, चर्चचं तोंड न पाहिलेले लोकसुद्धा वापरतात. ज्या मूळ ग्रीक शब्दाला आपण मुसळ म्हणतो त्याचा अर्थ तुळई. घराचं छप्पर जिच्यावर टेकतं ती लाकडी तुळई. मार्काच्या सहाव्या अध्यायात लोक येशूला सुतार म्हणून ओळखतात. म्हणजे बोलणारा माणूस लाकडात काम केलेला आहे. डोळ्यात भुसा जाणं त्याने रोज अनुभवलं असणार, तुळई खांद्यावर उचलली असणार. आणि तो लोकांना सांगतोय, कल्पना करा, एका माणसाच्या डोळ्यातून तुळई बाहेर आलीये आणि तो दुसऱ्याच्या डोळ्याजवळ वाकून म्हणतोय, थांब, तुझं ते बारीकसं काढून देतो. हा विनोद आहे! ऐकणारे हसले असणार. आपण चर्चमध्ये हे इतकं गंभीर चेहऱ्याने वाचतो की विनोद मरून जातो. तो वाकला की ती तुळई समोरच्याच्या डोक्यात बसणार. मुसळवाल्या माणसाला जवळ जाताच येत नाही, हे चित्रातच आहे.

नंतर येशू त्या माणसाला ढोंगी म्हणतो. त्यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो नाटकातल्या नटासाठी वापरला जायचा. मी माझे ‘आमेन’ मोजत होतो, हे आत्ताच सांगितलंय. नट टाळ्या मोजतो.

पण पाचवी ओवी वाचा. तिथे येशू असं म्हणत नाही की मुसळ काढ आणि मग आपल्या घरी जा, भावाच्या डोळ्याशी तुला काही देणंघेणं नाही. तो म्हणतो आधी तुझं काढ, मग तुला स्वच्छ दिसेल, आणि मग भावाचं कुसळ काढता येईल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. भावाला दुखतंय. डोळ्यात कुसळ असलेल्या माणसाला ‘मी तुला जज करत नाही’ म्हणून तसंच सोडून देणं हे काही प्रेम नाही. आजीने मला तसं सोडलं असतं तर? आणि तिने मिरचीच्या हाताने डोळ्याला हात घातला असता तर? येशूच्या त्या ‘आधी’ मध्ये आजीचं हात धुणं आहे. मला हे सुचायला वीस वर्षं लागली.

या पाच ओव्यांत अजून एक शब्द आहे ज्यावरून मी पूर्वी गाडी पळवत न्यायचो. माप. ज्या मापाने तुम्ही मोजाल त्याच मापाने तुमचं मोजलं जाईल, या अर्थाचं वाक्य. लूकच्या सहाव्या अध्यायात तर हेच माप धान्याच्या मापासारखं वर्णन केलंय, दाबून, हलवून, वर येईपर्यंत भरलेलं. आमच्याकडे जुन्या घरांत अजून पायली, अधोली सापडते. धान्य मोजायच्या दोन पद्धती असायच्या. एक, काठापर्यंत भरून वरून हात फिरवून सपाट करायचं. दुसरी, शीग लावून, म्हणजे वर टोक येईल असं भरायचं. पायली तीच, पण पदरात पडणारं धान्य वेगळं.

मी स्वतःला शीग लावून मोजतो आणि दुसऱ्याला सपाट. मी स्टँडअपला उशिरा जॉइन झालो तर हिंजवडीचा ट्रॅफिक. दुसरा उशिरा आला तर तो बेशिस्त. माझ्या कोडमध्ये बग निघाला तर रिक्वायरमेंट स्पष्ट नव्हती. ज्युनिअरच्या कोडमध्ये निघाला तर बेसिक कच्चं आहे. मानसशास्त्रात याला नाव आहे. ली रॉस नावाच्या संशोधकाने १९७७ साली ते दिलं. मराठीत सोपं करून सांगायचं तर, दुसऱ्याची चूक आपण त्याच्या स्वभावावर टाकतो आणि त्याची परिस्थिती बघायची विसरतो. स्वतःची परिस्थिती मात्र आपल्याला तपशीलवार माहीत असते, कारण आपण तिच्या आत राहतो.

गंमत म्हणजे माझ्या कामात याच्यावर उपाय आहे आणि मी तो ऑफिसात लोकांना शिकवतो. सर्व्हर पडला, सिस्टिम बंद झाली, की आम्ही नंतर पोस्टमॉर्टेम करतो, आणि ते दोषारोपाशिवाय करायचं असतं. २०१२ साली एट्सी कंपनीतल्या जॉन ऑलस्पॉ यांनी यावर लेख लिहिला, आणि नंतर ही पद्धत सगळीकडे पसरली. नियम असा की ‘कुणी केलं’ पासून सुरुवात करायची नाही. त्या माणसाला त्या क्षणी काय दिसत होतं, काय माहीत होतं, त्याला ते पाऊल बरोबर का वाटलं, हे विचारायचं. कारण त्याला शिक्षेची भीती वाटली की तो माहिती लपवणार, आणि सिस्टिम परत पडणार. ऑफिसात मी हे स्लाइड्स लावून सांगतो. घरी सख्ख्या भावाबद्दल एकही लॉग न उघडता मी रिपोर्ट लिहून मोकळा झालो होतो. आणि तो तीस जणांना पाठवलाही.

आता एक प्रयोग सांगतो, तो तुम्हाला आवडेल. १९७३ साली प्रसिद्ध झाला. डार्ली आणि बॅटसन, दोन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण महाविद्यालयातले ४० विद्यार्थी घेतले, म्हणजे पुढे पाळक वगैरे होणारी मुलं. त्यातल्या काहींना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यावर छोटं भाषण द्या. तोच लूकमधला दाखला, जखमी माणूस रस्त्यात पडलाय, याजक बाजूने निघून जातो, लेवीही निघून जातो, आणि परका शोमरोनी थांबतो. बाकीच्यांना वेगळा, नोकरीविषयीचा विषय दिला. मग कुणाला सांगितलं भरपूर वेळ आहे, कुणाला सांगितलं वेळेत निघा, कुणाला सांगितलं तुम्हाला उशीर झालाय, पळा. आणि वाटेत एक माणूस दारात कोसळून बसलेला, खोकतोय, कण्हतोय. तो प्रयोगाचाच भाग होता.

किती जण थांबले? ज्यांना वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के. मधल्या गटातले ४५ टक्के. आणि ज्यांना घाई होती त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय शोमरोनीचा दाखला होता की नाही, याने म्हणावा असा फरक पडला नाही. काही जण तर त्या दाखल्यावर बोलायला जाताना त्या माणसाला ओलांडून गेले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. काय ढोंगी पोरं, म्हटलं. बघा, लगेच! प्रयोग सांगतोय की घाईत माणूस असं वागतो, परिस्थिती बघा, आणि मी काय काढलं? त्या मुलांचा स्वभाव. म्हणजे प्रयोग वाचूनही मी जिथल्या तिथेच.

त्या विद्यार्थ्यांवर हसून झाल्यावर काही दिवसांनी मी मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होतो, एका कुरिअरवाल्याचा नंबर. कॉल लॉग खाली खाली नेत गेलो. तिथे वहिनीचे मिस्ड कॉल दिसले. एक नाही, चार. तीन आठवड्यांतले, आणि सगळे माझ्या त्या ग्रुपवरच्या मेसेजच्या आधीचे. एकदा मी तिला उलट मेसेज केला होता, ‘रिलीज चालू आहे वहिनी, नंतर करतो.’ ते नंतर कधी आलंच नाही. त्याच दिवसांत मी तरुण संघासाठी दर शनिवारी दोन तास बायबल अभ्यासाची तयारी करत होतो. वेळ नव्हता असं नाही. वहिनीचा फोन म्हणजे काहीतरी कटकट असणार, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

मी तेव्हा तिला फोन केला. ती म्हणाली, ‘आता काय सांगू भाऊजी, तेव्हा सांगायचं होतं.’ मग सांगितलं. दादा एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिला होता, पतसंस्थेत. मित्र गाव सोडून गेला. हप्ते थकले, वसुलीवाले दादाकडे यायला लागले. एका रविवारी उपासना सुटल्यावर ते चर्चच्या गेटवरच उभे राहिले आणि सगळ्या मंडळीसमोर त्याला अडवलं. त्यानंतर तो रविवारी तिथे गेला नाही. रविवारी गॅरेज उघडं ठेवायला लागला, चार पैसे जास्त मिळावेत म्हणून. आणि हो, संध्याकाळी प्यायलाही लागला.

हे शेवटचं वाक्य मी गाळू शकलो असतो. गोष्ट जास्त गोड झाली असती, की बघा, भाऊ बिचारा निर्दोष होता. तसं नव्हतं. कुसळ खरंच होतं. तो पीत होता, घरात भांडणं होत होती, वहिनी म्हणूनच मला फोन करत होती. येशूच्या चित्रातसुद्धा भावाच्या डोळ्यात कुसळ आहेच, ते काही भास नाही. प्रश्न असा होता की ते काढायला मला बोलावलं होतं, चार वेळा, आणि मी गेलो नाही. आणि वर तीस लोकांना गोळा करून लांबून बोट दाखवलं, की बघा त्याच्या डोळ्यात कुसळ आहे.

माझं मुसळ कोणतं होतं? मी पीत नाही, त्या बाबतीत मी क्लीन. म्हणूनच कदाचित ते दिसलं नाही. लूकच्या अठराव्या अध्यायात परूशी मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो, की मी त्या जकातदारासारखा नाही. तो खोटं बोलत नाहीये, हे लक्षात घ्या. तो खरंच उपास करत असणार, दशांश देत असणार. त्याचा सगळा हिशोब बरोबर आहे, फक्त त्याच्या प्रार्थनेत शेजारचा माणूस मोजपट्टीसारखा आलाय. मलाही माझी शुद्धता मोजायला दादा लागत होता. तो पडला की मी उंच. ते बरं वाटणं, ते आमेन, ते होतं मुसळ.

आणि हा दाखला फार चावरा आहे, हेही सांगून ठेवतो. तो वाचून संपेपर्यंत आपण मनात म्हणतो, प्रभू, तुझे आभार, मी त्या परूशासारखा नाही. झालात तुम्ही परूशी! माझं आता तेच चाललंय. मंडळीत कुणी कुणाबद्दल बोललं की मी मनात म्हणतो, कसे जज करतात हे लोक. औषधाचीच ॲलर्जी. ज्यांना स्वतःच्या मुसळावर हसायला शिकायचंय त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे वाचावं. त्या बाईने स्वतःला जितकं चिमटीत पकडलंय तितकं दुसऱ्या कुणाला नाही.

आता त्या रूममेटच्या प्रश्नाकडे. गप्प बसायचं का? नाही. योहानाच्या सातव्या अध्यायात येशू स्वतःच सांगतो की वरवर दिसतं त्यावरून न्याय करू नका, योग्य न्याय करा. म्हणजे डोकं वापरायला मनाई नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. कुणी घरात बायकोला मारतोय, कुणी मुलांना त्रास देतोय, आणि वर म्हणतोय मला जज करू नका, तर तिथे आधी मार खाणाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं. पोलिसांकडे जावं लागलं तर जायचं. हे वचन गुन्हा झाकायची चादर नाही.

बाकीच्या, म्हणजे आपल्या रोजच्या प्रकरणांसाठी, मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात पंधरावी ओवी आहे. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर जा, आणि तुम्ही दोघंच असताना त्याला त्याची चूक दाखव. दोघंच असताना! जमलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. मंडळीला सांगणं ही त्याच्याही पुढची पायरी. आणि हे तर त्याने आपलाच अपराध केला असेल तेव्हाचं. दादाने माझं काहीच बिघडवलं नव्हतं. मी पहिली पायरी गाळून थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तिसरी पायरी सगळ्यात सोपी आहे. समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही.

नाथान संदेष्ट्याची गोष्ट आठवा, दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायातली. दाविदाने उरीयाची बायको घेतली, उरीयाला युद्धात पुढे ठेवून मारवलं. नाथानाला हे माहीत आहे. तो चौकात भाषण करत नाही. तो स्वतः राजाकडे जातो, जिवाचा धोका पत्करून, आणि त्याला एक गोष्ट सांगतो. एका गरिबाची एकच कोकरी होती, श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद भडकतो, त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा हवी म्हणतो. तेव्हा नाथान सांगतो, तो माणूस तूच आहेस. दाविदाला दुसऱ्याचं कुसळ किती लख्ख दिसलं बघा. आणि नाथानाने त्याला त्या उजेडात स्वतःकडे वळवलं. तो जवळ गेला होता म्हणून हे शक्य झालं.

तर मित्रा, तू रूममेटला मेसवर चार मित्रांसमोर बोललास की खोलीत दोघंच असताना? हे तुझं तुला माहीत. आणि त्याला नेमके किती पैसे देणं आहे, हे कधी विचारलंस का? मला वाटतं तिथून सुरुवात कर. वचन पाठ आहे तुझं, ते असू दे, नंतर लागेल.

आमच्याकडे काय झालं ते सांगून थांबतो. मी गावी गेलो, गॅरेजवर. दादा एका स्प्लेंडरचा क्लच उघडून बसला होता. मी स्टूल ओढून बसलो. पंधरा मिनिटं आम्ही काहीच बोललो नाही, तो पाना मागायचा आणि मी द्यायचो, तोही बहुतेक चुकीचा. मग मी म्हणालो, ‘तो मेसेज मी तुझ्यासाठीच टाकला होता. चुकलं माझं.’ तो म्हणाला, ‘माहितीये.’ परत क्लच. मग थोड्या वेळाने, ‘वाईट त्या दारूचं नाही वाटलं. तू स्टँडवर मान फिरवलीस त्याचं वाटलं.’

ग्रुपवरही मी लिहिलं, कारण घाण तिथेच केली होती. लिहिलं की तो मेसेज कुणावर तरी रोखून टाकला होता, ते चुकीचं होतं, माफी मागतो. त्याला तीन इमोजी आले. अकरा आमेन नाही आले. एका काकांनी पर्सनल मेसेज करून विचारलं, ‘कुणावर होता?’ मी उत्तर दिलं नाही.

त्यानंतर दोन शनिवार आम्ही दोघांनी कर्जाची कागदं घेऊन घालवले. जामीनदाराची सही, हप्त्यांचा तक्ता, व्याज, दंड. मला एक्सेल येतं, त्याचा उपयोग झाला. पतसंस्थेत दोघं मिळून गेलो, हप्ते छोटे करून घेतले. मित्राचा पत्ता अजून नाही. पिणं कमी झालंय, बंद नाही. वहिनी माझा फोन आता दुसऱ्या रिंगला उचलते, मीही तिचा. दादा ग्रुपमध्ये परत आला नाही आणि मी त्याला ॲड केलेलं नाही. चर्चचंही विचारत नाही. आमच्या पाळकांना मात्र सांगितलं की गेटवर त्या दिवशी काय झालं होतं. ते स्वतः गॅरेजवर जाऊन आले. बाइक दुरुस्तीला घेऊन गेले होते म्हणे, बाइकला काय झालं होतं देव जाणे.

हा भाग रेकॉर्ड करून मी आधी दादाला ऐकवला. म्हटलं, काही काढायचं असेल तर सांग. त्याने सगळा ऐकला, मध्ये दोनदा थांबवून गिऱ्हाइकाशी बोलला. शेवटी म्हणाला, ‘बिअर शॉपी नव्हती ती, देशीचं दुकान होतं. सांगतोयस तर नीट सांग.’

तर दुरुस्ती करतो. देशीचं दुकान होतं. पुढचा भाग पंधरा दिवसांनी. सलाम.